शाल नको, सतरंजी द्या

गेल्या जयंतीला आमच्या वस्तीत व्यासपीठावर एका माणसाचा सत्कार झाला. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. शाल आली, पुष्पगुच्छ आला, माइकवरून त्याचे नाव तीनदा पुकारले गेले. पुढच्या रांगेत त्याची बायको पदराने डोळे पुसत होती. आम्हीही टाळ्या वाजवल्या. खरे सांगायचे तर शालीची कल्पना आमच्यापैकीच एकाची होती.

एकोणिसाव्या दिवशी तो प्यायला. प्यायला हे वाईटच, पण त्याहून वाईट पुढे झाले. तो आमच्या बुधवारच्या बैठकीला येईना. विहाराची गल्ली टाळून मागच्या नाल्याकडून घरी जाऊ लागला. एकदा स्टेशनवर गाठला तेव्हा म्हणाला, "ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना आता तोंड कसं दाखवू?" त्याला परत आणायला दोन महिने लागले. तोवर काम सुटले होते आणि ती शाल बायकोने पेटीच्या तळाशी दडवून ठेवली होती.

हे आमच्या मनात बरेच दिवस होते. आरोग्याच्या पानावर लिहायची संधी मिळाली, म्हणून मांडतो आहोत.

आम्ही म्हणजे कोण? पनवेलच्या वस्त्यांतली अकरा-बारा माणसे. कोणी कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करतो, कोणी रिक्षा चालवतो, कोणी तळोजा एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहे, दोघी घरकाम करतात, एक काका शाळेत शिपाई होते. आमच्यापैकी नऊ जण पीत होतो. बाकीच्या आमच्यातल्याच कोणाच्या तरी बायका किंवा आया. नावे देत नाही. एकमेकांची नावे बाहेर न्यायची नाहीत ही आमची पहिली रीत. आम्ही कोणत्या संघटनेच्या वतीने बोलत नाही. जे भोगले आणि ज्याचा उपयोग झाला तेवढेच सांगतो.

आधी एक कबुली. ती दिल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा आम्हाला हक्क नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या एका गवंडीदादाने धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, बुद्धमूर्तीसमोर, सगळ्यांच्या देखत दारू सोडली. पंधरा वर्षे रोज पिणारा माणूस. सकाळी हात थरथरायचे म्हणून 'उतारा' घेतल्याशिवाय थापी धरता यायची नाही. त्याने शब्द दिला आणि आम्हाला म्हणाला, मला सांभाळा. आम्ही सांभाळले, आमच्या अकलेप्रमाणे. त्याला खोलीत ठेवले आणि बाहेरून कडी लावली. पहिल्या दिवशी घाम आणि कापरे. दुसऱ्या रात्री फिट आली, तोंडाला फेस आला. कोणी चप्पल हुंगवली, कोणी कांदा. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवरच्या नसलेल्या किड्यांना झटकू लागला, मेलेल्या आईशी बोलू लागला. आम्ही म्हणालो, नशा उतरते आहे, नाटक करतोय. रिक्षात घातला तेव्हा उशीर झाला होता. अडतीस वर्षांचा होता. कडी आम्हीच लावली होती.

वाचणाऱ्या प्रत्येक घराने हे नीट ध्यानात घ्यावे. जो माणूस वर्षानुवर्षे रोज, सकाळपासून पितो, त्याची दारू एकदम बंद केली तर जीवाला धोका असतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलटी, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, नसलेले दिसते, ताप चढतो, नाडी धावते. हा दारू थांबल्याने मेंदूला बसलेला धक्का आहे, त्यात भूतबाधा नाही आणि नाटकही नाही. दवाखान्यात यावर साधी, स्वस्त औषधे आहेत: काही दिवस कमी-कमी करत नेण्याच्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात जा, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जा, पण डॉक्टरांना खरे सांगा: किती वर्षे, रोज किती, शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का. 'थोडीशी घेतो' असे सांगू नका. त्या थोडीशीमुळे माणसे गेली आहेत.

दुसरे, माता-भगिनींसाठी. चहात किंवा भाजीत चोरून घालायची 'दारू सोडवणारी पावडर' विकत घेऊ नका. काही पुड्यांत नुसते चूर्ण असते, पैसे जातात एवढेच. काहींत मात्र डायसल्फिराम नावाचे औषध असू शकते. ते पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब खाली येतो, आणि हृदय कमजोर असेल तर माणूस जागेवर मरतो. हे औषध डॉक्टर देतात, पण पिणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीने. चोरून दिलेले औषध म्हणजे विषप्रयोगच, मग देणाऱ्या बाईचे मन कितीही चांगले असो.

आता आमच्या मताकडे येतो.

दारू हा आपल्या वस्तीत लाजेचा विषय आहे. बौद्ध घरात तर दुप्पट लाज. पंचशीलातले पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली सतरावी दारूबद्दलच. त्यामुळे जो पितो तो नुसता व्यसनी ठरत नाही, बाबासाहेबांचा शब्द मोडणारा ठरतो. विहारात त्याच्याकडे कोणी बघत नाही. वर्गणी मात्र त्याच्याकडून घेतली जाते. आणि मिरवणुकीत डीजेसमोर नाचणाऱ्या पोरांच्या खिशात चपटी असते, तिकडे मंडळाचे पुढारी पाठ करून उभे राहतात. हे आम्हाला लिहावे लागते, कारण आमच्यातले तिघे आयुष्यात पहिल्यांदा प्यायले ते जयंतीच्या रात्री.

आम्हाला वाटते की शिलाचा अर्थ आपण उलटा लावला. आपण त्याला कायदा समजलो: मोडला की गुन्हेगार. पाली भाषेत त्याला सिक्खापद म्हणतात. शिकण्याची पायरी. म्हणून तर आपण पंचशील आयुष्यात एकदा घेऊन थांबत नाही. दर वंदनेला, दर लग्नाला, दर पुण्यानुमोदनाला पुन्हा घेतो. ज्याने ही रीत घातली त्याला माणूस घसरतो हे ठाऊक होते. घसरलेल्याने पुढच्या वेळी सगळ्यांच्या मधे बसून पुन्हा म्हणावे, एवढीच अपेक्षा. आपण मात्र त्याला दारातच अडवतो, मग तो पुन्हा म्हणणार कुठे?

विनयपिटकातली एक गोष्ट आमच्या बैठकीत बरेचदा निघते. एक भिक्खू पोटाच्या आजाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता. तथागत आनंदासोबत तिथे आले. पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचावर ठेवले. मग बाकी भिक्खूंना विचारले, याची सेवा कोणी का केली नाही? उत्तर मिळाले, याने आमच्यासाठी कधी काही केले नाही. वस्तीत दारुड्याबद्दल आपण हेच म्हणतो. याने कुणासाठी काय केलंय? तथागतांनी त्यांना समजावले ते असे की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार.

आता एक परक्या मुलखातली गोष्ट. १९३५ सालची, अमेरिकेतल्या ॲक्रन नावाच्या गावातली. बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी तिथे गेला होता. दारूने त्याचे वाटोळे झालेले, पण गेले पाच महिने तो प्यायला नव्हता. त्या पाच महिन्यांत तो न्यूयॉर्कमध्ये दारुड्यांच्या मागे लागायचा, त्यांना सुधारायचा प्रयत्न करायचा. एकही सुधारला नाही. तो निराश झाला तेव्हा त्याच्या बायकोने एक गोष्ट दाखवून दिली: ते सुधारले नसतील, पण तू तर प्यायला नाहीस ना! ॲक्रनमध्ये धंदा फिसकटला. हॉटेलात एकटा, खिशात थोडे पैसे, बाजूच्या बारमधून हसण्याचे आवाज. त्याला कळले की आज आपण पिणार. त्या वेळी त्याला डॉक्टरची किंवा उपदेश करणाऱ्याची गरज वाटली नाही. त्याला दुसरा दारुडा हवा होता. त्याने फोन फिरवायला सुरुवात केली आणि शोधत-शोधत बॉब स्मिथ नावाच्या शल्यविशारदाकडे पोचला, जो स्वतः बेदम पीत होता. डॉक्टरने पंधरा मिनिटे देऊ केली होती. दोघे काही तास बसले. बिलने उपदेश केला नाही, स्वतःची कहाणी सांगितली. त्या डॉक्टरने १० जून १९३५ रोजी शेवटची दारू घेतली, आणि तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस', म्हणजे एए, या मंडळीचा स्थापना दिवस मानला जातो. थोड्याच दिवसांत दोघे मिळून इस्पितळातल्या तिसऱ्या दारुड्याच्या खाटेशी जाऊन बसले. तो वकील होता. तोही सावरला.

डॉक्टर, दलाल, वकील. आपल्या वस्तीत अनेकांना वाटते की दारू ही झोपडपट्टीची खोड आहे. तसे नाही.

१९५७ मध्ये ही मंडळी मुंबईत आली. आज मुंबई, नवी मुंबई परिसरात मराठीत आणि हिंदीत त्यांच्या सभा भरतात. फी नाही, अर्ज नाही, पूर्ण नाव विचारत नाहीत. सदस्य व्हायला एकच अट: दारू सोडायची इच्छा. आमच्यातल्या लोखंड बाजारातल्या दादाला अशाच एका सभेत कोणी तरी ओढून नेले होते. त्याआधी तो संध्याकाळच्या लोकलमध्ये झोपून पनवेलला यायचा आणि गाडी तशीच मुंबईकडे परत घेऊन जायची त्याला. एका रात्री दोनदा झाले हे. तो सांगतो, "सभेत एक म्हातारा बोलला. त्यानं माझीच गोष्ट सांगितली, गाडीतल्या झोपेसकट. मला वाटलं बायकोनं याला आधी येऊन सांगितलंय."

यात जादू नाही. पिणारा माणूस एकटा असतो. डॉक्टरला, बायकोला, पोलिसाला, सगळ्यांना फसवायची त्याला सवय असते. जो स्वतः फसवून बसला आहे त्याला मात्र फसवता येत नाही. सकाळच्या चपटीसाठी मुलीच्या दप्तरातले पैसे काढले, हे वाक्य ज्याने स्वतः उच्चारले त्याच्यासमोर दुसऱ्याला ते कबूल करता येते.

आणि सगळ्यांत मोठा धडा ॲक्रनचाच: नवीन माणसाला मदत करणे हे उपकार नाहीत, ते मदत करणाऱ्याचे औषध आहे. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचारानंतरचे एक वर्ष पाहिले गेले. जे दुसऱ्या पिणाऱ्यांना मदत करत होते त्यांच्यातले ४० टक्के वर्षभर पुन्हा घसरले नाहीत. जे मदत करत नव्हते त्यांच्यात हे प्रमाण २२ टक्के होते. कोणी म्हणेल, जे आधीच मजबूत तेच मदत करत असतील. असेलही थोडे. पण २०२० साली कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १० हजारांहून जास्त माणसे तपासून निष्कर्ष काढला की पूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत एएचा मार्ग इतर प्रस्थापित उपचारांइतकाच, आणि बरेचदा जास्त परिणामकारक ठरतो. फुकटात मिळणाऱ्या गोष्टीबद्दल एवढे पुरे.

महाराष्ट्रात हेच तत्त्व आपल्या भाषेत रुजवले ते पुण्याच्या मुक्तांगणने. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला हे केंद्र सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा हातभार होता. तिथे सल्ला देणाऱ्यांत स्वतः व्यसनातून बाहेर आलेली कितीतरी माणसे आहेत. काल ज्याचे हात थरथरत होते तोच आज नव्याच्या खाटेशी बसतो. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी तिथे 'सहचरी' नावाचा वेगळा गट चालतो. आमच्यातला रिक्षावाला एका वेगळ्याच, खासगी केंद्रात तीन महिने होता. तिथे त्याला कोंडून मारत. बाहेर आला त्याच संध्याकाळी प्यायला. केंद्र निवडताना ध्यानात ठेवा: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाने होणारे आजार येतात, आणि त्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे. जिथे भेटू देत नाहीत तिथे माणूस ठेवू नका.

पण केंद्रात जाणारे किती? दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या पुऱ्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसली तरी मदत मिळते. दाखल होऊन उपचार मिळतात ते १८० मागे एकाला. म्हणजे आपल्या गल्लीत असे अडतीस असतील तर सदतीस आपल्या भरवशावर. हे सदतीस सांभाळायला वस्तीतच काही उभे राहायला हवे, आणि आपल्याकडे एक जागा आधीच उभी आहे. विहार.

आमची बैठक कशी असते ते सांगतो, कारण पुष्कळांना वाटते की तिथे व्याख्यान असते. बुधवारी संध्याकाळी साडेसातला, एक तास. सतरंजी अंथरायची, चहा करायचा. एक जण स्वतःबद्दल बोलतो: पीत होतो तेव्हा काय होते, काय घडले, आता कसे आहे. मग बाकीचे, पण प्रत्येक जण स्वतःबद्दलच. 'तू असं कर' हे वाक्य बंद. उसने पैसे मागणे-देणे बंद. राजकारण बंद, आणि आपल्या समाजात हे पाळणे दारू सोडण्याइतकेच कठीण आहे.

नवा माणूस आला की त्याला आमचे तीन-चार फोन नंबर लिहून देतो. पिण्याची तल्लफ उठली की प्यायच्या आधी फोन कर, नंतर नको. बहुतेकांची तल्लफ पंधरा-वीस मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ कोणीतरी बोलत राहिले तर. त्याला विचारायचे: जेवलास का? कोणावर चिडलायस का? एकटा आहेस का? झोप झाली का? दहातल्या आठ वेळा यातच काही तरी निघते. पगाराच्या दिवशी आम्ही ज्याला गरज असेल त्याच्यासोबत कंपनीच्या गेटपासून घरापर्यंत चालत येतो. हळदीच्या रात्री दोघे मिळून जातो, जेवतो, वाजंत्री चढायच्या आत निघतो.

कोणाच्या घरी जायचे तर दोघे जातो, एकटा कधीच नाही. बाई असेल तर आमच्यातल्या ताई जातात. प्यायलेल्या माणसाला समजवायला बसत नाही. सकाळी, तो शुद्धीवर असताना जातो. गुत्त्यातून कोणाला ओढून आणायला तर मुळीच जात नाही. आमच्यातला एक जण असा एकाला सोडवायला गेला आणि दोघे बरोबर झिंगून परत आले. हसू येते आता, तेव्हा आले नव्हते.

आणि ज्याला दारू सोडून फक्त तीन आठवडे झालेत त्यालाही काम देतो. चहाची किटली त्याच्याकडे. साडेसातला चहा तयार हवा म्हणजे त्याला सात वाजता यावेच लागते, आणि सात वाजताच तर पूर्वी त्याची पावले दुसरीकडे वळायची. नवा कोणी दारात घुटमळला तर कप हातात देणारा तोच. वर्षभर न प्यायलेल्यापेक्षा तीन आठवडेवाला नव्याला जास्त जवळचा वाटतो. हात अजून दोघांचेही थोडे थरथरत असतात.

एक शंका हमखास येते. एएच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, मग बावीस प्रतिज्ञा घेतलेल्याने तिथे कसे बसायचे? आमच्यातले शिपाईकाका पहिल्याच सभेत प्रार्थना ऐकून उठून चालते झाले होते. शंका खरी आहे, ती दाबायची गरज नाही. पण त्या पायऱ्या सूचना आहेत, सक्ती नाहीत. थायलंडमधल्या बौद्ध भिक्खूंनी 'गॉड'च्या जागी 'गुड', म्हणजे चांगुलपणा, असा शब्द घालायचे सुचवले तेव्हा खुद्द बिल विल्सनने त्याला आडकाठी केली नाही. २०१९ पासून अमेरिकेत 'रिकव्हरी धर्मा' नावाचे गट बुद्धाच्या शिकवणीवरच हे काम करतात. काका आता म्हणतात, "माझ्यापेक्षा मोठी शक्ती म्हणजे ही सतरंजीवर बसलेली माणसं. मी एकटा हरलो होतो, हे आठ जण हरले नाहीत." आनंदाने एकदा तथागतांना म्हटले होते की कल्याणमित्र लाभणे हे अर्धे ब्रह्मचर्य होय, तथागतांनी त्याला थांबवून सांगितले की अर्धे नव्हे, ते संपूर्णच. आम्हाला शरण जायला संघ आहे. तेवढे पुरते.

बायकांबद्दल वेगळे लिहायला हवे. डिसेंबर १९२७ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे बोलताना सांगितले होते की नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका. लोक याचा अर्थ शिक्षा असा करतात. आमच्यातल्या आयाबहिणींना त्यात दुसरे दिसते. नवऱ्याची दारू बाईच्या कष्टावर टिकते. ती मुकादमाला खोटे सांगते की ताप आलाय. उधारी फेडते. ओकारी पुसते आणि सकाळी काही घडलेच नाही असा चहा ठेवते. त्यामुळे दारूची किंमत पिणाऱ्याला कधी मोजावीच लागत नाही. ही पांघरूण घालण्याची सवय सुटल्यावर आमच्यातले चार जण बैठकीला आले, बायकोच्या रडण्याने एकही आला नव्हता. मात्र मार खात घरात राहा असे आम्ही कोणालाही सांगत नाही. मारहाण होत असेल तर आधी मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा, व्यसनाचे नंतर पाहू. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी ॲल-ॲनॉन नावाची वेगळी मंडळी १९५१ पासून काम करते. नवरा सुधारो न सुधारो, बाईने तिथे जावे.

पिणाऱ्या बायका आपल्या वस्तीत नाहीत असे समजू नका. आमच्यातली एक ताई सहा वर्षे मोरीत लपवून पीत होती. पुरुष प्यायला तर 'बिचारा, संगत वाईट'. बाई प्यायली तर काय म्हणतात ते इथे लिहिता येत नाही. ती बैठकीला यायला तयार झाली ती दुसऱ्या बाईने दारात उभे राहून स्वतःचे सांगितले तेव्हा.

दुकान बंद करण्याच्या लढ्याला आमचा विरोध नाही. ज्या माऊल्यांनी मतदान करून बाटली आडवी केली त्यांना आमचा जय भीम. २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसे मेली, तेव्हा गुत्ते उखडलेच पाहिजेत. पण दुकान बंद झाले की पिणारा पुढच्या स्टेशनवर उतरतो. तो तिथून रात्री परत येईल तेव्हा वस्तीत उघडा असलेला एखादा दरवाजा हवा.

म्हणून पनवेल परिसरातल्या विहार समित्यांकडे आमचे मागणे आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक तास, विहाराची किंवा समाजमंदिराची किल्ली द्या. सतरंजी द्या. दारात रजिस्टर ठेवू नका. आत कोण बसले आहे हे समितीच्या माणसानेही डोकावून पाहू नये. त्या तासाचा फोटो व्हॉट्सॲपवर जाऊ नये. जयंतीच्या खर्चात मंडपामागच्या 'व्यवस्थे'साठी रक्कम निघत असेल तर ती बंद करा. त्या पैशात दवाखान्यात न्यायला रिक्षाभाडे होईल. आणि कोणी दारू सोडली तर त्याला मंचावर बोलावू नका. पाच महिन्यांच्या झाडाला लोखंडी पाटी टांगली की ते वाकते. त्याचे कौतुक करायचेच असेल तर त्याच्याकडे नवा माणूस पाठवा.

काही समित्यांनी आम्हाला नकार दिला. एकीने सांगितले, बुद्धासमोर दारुड्यांची बैठक शोभत नाही. आम्ही वाद घातला नाही. सध्या एका घराच्या पोटमाळ्यावर बसतो. सात जणांनंतर जिन्यावर बसावे लागते.

घरात कोणी अडकले असेल तर व्यसनासाठी केंद्र सरकारचा मोफत क्रमांक १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. दोन्हीकडे मराठीत बोलून पाहा. रोज सकाळपासून पिणाऱ्याला आधी डॉक्टरकडे न्या, मग आमच्याकडे.

शाल मिळालेला तो भाऊ परत येतो आहे. त्याचे दिवस पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात झाली. परवा चाळीस झाले. किटली सध्या त्याच्याकडे आहे. दारू सुटली की गोडाची ओढ लागते, त्यामुळे चहात साखर जरा जास्तच पडते, पण कोणी काही बोलत नाही.